शोन्सो नावाची लेखिका

चैत्राच्या उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या पेटीचे झाकण उघडले, तेव्हा डांबरगोळ्यांचा उग्र दर्प आणि जुन्या कागदाचा गोडसर गंध एकदमच अंगावर आला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डने, बेने इस्रायली म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू समाजातल्या गृहस्थाने, ती आमच्या जळगावच्या ग्रंथालयाला दिली होती. महिन्याभरात ते वारले. आत प्रार्थनेची सहा पुस्तके आणि एक हस्तलिखित वही. सारी हिब्रू अक्षरांत, चौकोनी, काळीभोर, गूढ!

ग्रंथांची नोंद करणे हे माझे काम. नावे रोमन लिपीत उतरवण्याचे दोन तक्ते मी समोर मांडले. कारण हिब्रू आणि युरोपातल्या ज्यूंची बोली यिडिश यांची अक्षरे एकच, उच्चार मात्र निराळे. हिब्रूतला मोशे यिडिशमध्ये मोयशे होतो! हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत. वहीत तर ते शब्दाशब्दाला होते. म्हणून मी ती यिडिश ठरवली. पहिल्या पानावरचे नाव तक्त्याप्रमाणे लावले: शोन्सो. केवढा अभिमान वाटला मला! वही परभाषांच्या कपाटात गेली.

पुढच्या वर्षी गार्डची धाकटी बहीण, एस्तेरअक्का, भुसावळहून आल्या. "दादाने आईची वही इथे दिली म्हणतात. शांता तिचं नाव."

मी संगणकात पाहिले. "नाही अक्का, या नावाचं काहीच नाही."

दोनदा मी त्यांना असेच परत पाठवले. वर्षभराने तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा त्या उठल्याच नाहीत. "नीट बघ, पोरी. आईला शाळा नव्हती. आजोबांनी प्रार्थनेपुरती अक्षरं शिकवली, तेवढीच तिला येत. त्यातच ती सगळं लिहायची."

शांता, शोन्सो! मी कपाट उघडले. अक्कांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत मोठ्याने वाचले, "आज एस्तेरचे केस कापले. ती रडली. मग मीपण रडले."

मराठी! यिडिशच्या तक्त्यात ज्या अक्षराचा 'स' होतो, तो त्या माउलीचा साधा 'त' होता. मी ज्याला 'ओ' मानले, तो तिचा 'आ'. माझ्याच मातृभाषेला मी परकी ठरवावे? एक ओळ तरी दोन्ही तक्त्यांनी मोठ्याने वाचून पाहावी, हे इतक्या वर्षांच्या विद्येला सुचू नये? ज्ञानाची ऐट माणसाला किती बहिरे करते!

"चुकलं माझं, अक्का."

"तू नाही म्हणालीस, मला वाटलं दादाने रद्दीत घातली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तेच अधिक लागले. "गेलेल्या भावावर वर्षभर रागावले गं मी. त्याच्या फोटोला हारसुद्धा घातला नाही."

मी संगणकात भाषेच्या रकान्यातले 'यिडिश' पुसून 'मराठी' लिहिले आणि लेखिका म्हणून 'शांता'. अक्कांनी पडद्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी पान उलटले होते आणि तिथे दादा होता, सात वर्षांचा, बहिणीसाठी खिशात जांभळे लपवून आणणारा.