नातेवाइकाची खुर्ची

कोर्टात त्याला सगळे ‘डॉक्टरांचा डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर असो, नर्स असो, एक्स-रे काढणारा असो, केस झाली की त्याची पावलं या वकिलाच्या घराकडे वळत. पुढची खोली म्हणजेच ऑफिस. मोठं टेबल, अशिलासाठी गुबगुबीत खुर्ची, आणि तिच्यासमोर बिनहातांची लाकडी खुर्ची. वकील स्वतः लाकडी खुर्चीत बसे. तिला घरात ‘नातेवाइकाची खुर्ची’ म्हणत.

कारण तिथे बसून तो तालीम घ्यायचा. गेलेल्या माणसाची आई व्हायचा, मुलगा व्हायचा, कधी भांडकुदळ जावई. “सांगा ना डॉक्टर, माझ्या पोरीचं काय झालं?” असं विचारताना त्याचा गळा खरोखर दाटून यायचा. समोरचा गडबडला की दुसऱ्या क्षणी कोरड्या आवाजात म्हणे, “पुन्हा. नजर समोर, हात टेबलावर. मला वाईट वाटतं, एवढंच म्हणायचं. चुकलं हा शब्द तोंडातून जाता कामा नये. आणि पुढे? आम्ही शक्य ते सगळं केलं. बस्स.”

आत भाजी निवडत अक्का हे ऐकत असे. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं. त्यात तिचं लग्नाचं वय कधी सरलं ते तिनं कोणाला जाणवू दिलं नाही. पुढे त्यानंही लग्नाचं मनावर घेतलं नाही. घरात ही दोघंच.

“तू त्या आईचं इतकं छान रडतोस,” ती म्हणायची, “की खरी आई कोर्टात आली तर तिलाच खोटी ठरवतील.”

“म्हणून तर जिंकतो.”

“जिंक बाबा. मी आपली दोघांसाठी देवाकडे मागते. तुझ्या डॉक्टरासाठी आणि त्या बाईसाठीही.”

“देवाला चालते वाटतं दोन्हीकडची वकिली?”

“चालते. त्याच्याकडे तारखा पडत नाहीत.”

सुरुवातीला तो असा नव्हता. त्याची पहिली केस एका नर्सची होती. पेशंट गेला तो दुसऱ्याच कोणाच्या हलगर्जीपणानं, पण ही भाबडी पोरगी पेशंटच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, “माझं लक्ष असायला हवं होतं.” कोर्टात त्या एका वाक्याचा फास झाला. तिची नोकरी गेली ती कायमची. त्या दिवशी वकील घरी येऊन जेवला नाही. “खरं बोलली म्हणून नाही गं,” तो अक्काला म्हणाला, “नुसती बोलली म्हणून बुडाली.” तेव्हापासून तालीम सुरू झाली.

आणि दुसरा एक नियमही. कोणी अशील “साहेब, खरं सांगायचं तर त्या दिवशी...” असं म्हणू लागला की तो हात वर करायचा. “मला नको. मला कळलं की माझा आवाज हलतो.” इतकी वर्षं त्यानं शेकडो माणसं सोडवली, पण त्यातलं कोण निर्दोष होतं आणि कोण नुसतं सुटलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते एक देवालाच ठाऊक.

मग अक्काच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन साधं होतं. कोणाकडे करायचं, हा प्रश्न तिनंच सोडवला.

“तुझा तो सर्जन आहे ना, चष्मेवाला? तू सोडवलास तो. त्याच्याकडेच जाऊ. चांगला आहे ना रे?”

वकील चहा पीत होता. कप तोंडाशी तसाच राहिला. त्या माणसाची केस त्याला पाठ होती, साक्षीदार पाठ होते. तो चांगला आहे का, हे मात्र त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पण तसं म्हणायचं म्हणजे स्वतःच्याच निकालावर शंका घ्यायची.

“चांगला आहे,” तो म्हणाला.

अक्का स्वतःच्या पायांनी चालत आत गेली. जाताना म्हणाली, “दूध तापवून ठेवलंय, नासवू नकोस.” ती परत आली नाही.

सर्जननं त्याला केबिनमध्ये बोलावलं. समोर बिनहातांचीच खुर्ची होती. वकील बसला. एवढी वर्षं ज्याचा गळा मागेल तेव्हा दाटून यायचा, त्याला साधा प्रश्न जुळवता येईना.

“डॉक्टर... काय झालं हो?”

सर्जननं दोन्ही हात टेबलावर ठेवले. नजर समोर ठेवली. “मला वाईट वाटतं. आम्ही शक्य ते सगळं केलं.”

“ते राहू द्या. मी केस करणार नाही. शेवटी शुद्धीवर होती का ती? काही बोलली का?”

सर्जनचे ओठ हलले. चष्म्यामागचे डोळे एकदा दाराकडे गेले, तिथे उभ्या नर्सकडे. मग पुन्हा समोर आले. “आम्ही शक्य ते सगळं केलं, साहेब.”

एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. वकिलानं नर्सकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. “तुम्ही तरी...” तो म्हणाला. ती बाहेर गेली. तीही वकिलाच्याच तालमीत तयार झालेली होती.

घरी दूध नासलं होतं. त्यानं ते ओतून दिलं, भांडं घासलं.

काही आठवड्यांनी ऑफिस उघडलं. अशील म्हणून एक तरुण डॉक्टरीण आली होती. तिच्या वॉर्डात एक म्हातारी दगावली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती गुबगुबीत खुर्चीच्या कडेला बसली. वकील समोर लाकडी खुर्चीत बसला. आतल्या खोलीत कोणी नव्हतं.

टेबलावरची फाईल त्यानं बाजूला सारली. मग त्यानं विचारलं, “जाताना तिनं कोणाचं नाव घेतलं का?”

हा प्रश्न आजवरच्या तालमीत कधी आला नव्हता. डॉक्टरीण गोंधळली. तिनं हात टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले.

“याचं उत्तर काय द्यायचं, साहेब?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिनं पुन्हा विचारलं.