मोठं अंगुस्तान

घरात कुणाचं काही अडलं की मी लगेच बाजारात जाऊन ते आणून देते. माझ्या या गुणाचं मला आजवर फार कौतुक होतं.

आई हर्सूलच्या आमच्या घरी बसून गोधड्या शिवते, हातानं, बारीक टाक्यांच्या. सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर घालायचं तिचं पितळी अंगुस्तान माझ्याहून वयानं मोठं आहे. माझ्या भाचीच्या बारशाची गोधडी शिवताना ते बोटात जाईना. बोटांची टोकं फुगून गोल झाली होती, नखं पुढं वाकली होती. "म्हातारपण गं, दुसरं काय," असं म्हणून मी त्याच संध्याकाळी शहागंजातून मोठं अंगुस्तान आणलं. आई खूश झाली, आणि मी तर तिच्याहून खूश.

पुढं तिला कोरडा खोकला लागला. मग गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी धाप लागायला लागली. आधी दमा समजून औषधं झाली, मग टीबीच्या तपासण्या झाल्या. त्यात काही निघालं नाही आणि खोकलाही हटेना, तेव्हा मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी छाती तपासायच्या आधी तिचे हात हातात घेतले. दोन बोटांची नखं एकमेकांना टेकवून उजेडासमोर धरली. मधे बारीक फट दिसायला हवी, असं ते मला म्हणाले. ती नव्हती. फुप्फुसं बिघडली की बोटांची टोकं अशी फुगू शकतात, असंही त्यांनी सांगितलं.

"आजी, बोटं अशी कधीपासून आहेत?"

"लई दिवस झाले की. लेकीनं मोठं अंगुस्तान आणून दिलं, तवापासून काय अडचण नाय," आई अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "केव्हा आणलं होतं?"

मला पक्कं आठवत होतं. ती भाची आता बालवाडीत जाते.

सीटी स्कॅन झाला आणि आजाराचं नाव कळलं. आजार दुर्मीळ आहे. फुप्फुसांना आतून वण पडत जातात, आणि ते का पडतात ते आईच्या बाबतीत सापडलं नाही. "पडलेला वण जात नाही. पुढचे सावकाश पडावेत, एवढंच औषधानं होतं," डॉक्टर म्हणाले. लवकर यायला हवं होतं, असं ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

परतताना रिक्षात मी रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, त्या अंगुस्तानानं मी किती गोधड्या शिवल्या. तू आणलं नसतं तर त्या बी झाल्या नसत्या." मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

आता औषधं सुरू आहेत. ती रोज शिवायला बसते, दोन ओळी झाल्या की दम खाते. परवा तिनं माझ्यापुढं बोट धरलं. "हे बी आता घट्ट होतंय गं. याच्याहून मोठं मिळंल का?"

"मिळेल," मी म्हणाले, आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला.