भेगेची पाहणी

छापलेल्या बातमीवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी भजी खातं. जे छापता येत नाही, ते मात्र आम्हा बातमीदारांजवळ साचत राहतं. परभणीत स्टेशन रोडच्या हॉटेलात आम्ही जुने लोक बसलो की एकेकाचं साचलेलं बाहेर निघतं. पाटबंधाऱ्याचे किस्से वेगळे, दवाखान्याचे वेगळे. पण गायरानातल्या एका चरानं मला जेवढे किस्से दिले, तेवढे आख्ख्या नोकरीत एकाही खात्यानं दिले नाहीत. मित्र ऐकून हसतात. माझं डोकं फिरतं.

आधी चर कशाचा ते सांगतो. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, आणि तुकडे जिथं एकमेकांना घासतात तिथं भूकंप होतात, असं आपण शाळेत शिकलो. मराठवाडा अशा कडेला नाही, तुकड्याच्या मधोमध आहे. मधोमध काही होत नाही, असं सगळे शहाणे सांगायचे. मग किल्लारी झालं. मी तेव्हा नवा बातमीदार होतो. तेव्हापासून ‘आपण मधोमध आहोत’ असा धीर कुणी देऊ लागलं की मला तिथं बसवत नाही.

वाघमारे मॅडमचं काम याच मधोमधच्या जमिनीचं. पूर्वी ती कुठं मोडली होती आणि अजून सरकते का, हे त्या शोधतात. पुण्याहून येतात, पण मूळच्या इथल्याच, परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याच्या. पेडगावच्या पुढं नदीकाठच्या एका गावात, गायरानात, त्यांनी माणूसभर खोल चर घेतला. गावाचं नाव लिहीत नाही, गावाची चूक नाही. चराच्या भिंतीत त्यांना हवी ती भेग सापडली. आणि ती भेग सरळ जिकडं चालली होती, नेमकी तिथंच गावच्या शाळेची नवी इमारत व्हायची होती.

मॅडमची मागणी एवढीच, की शाळा गायरानाच्या दुसऱ्या टोकाला घ्या. जागा मोकळी होती. पायासुद्धा खोदला नव्हता. फक्त जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची सही पाहिजे होती.

* * *

चर खोदायच्या परवानगीपासूनच सुरुवात झाली. कार्यालयातल्या बाबूनं विचारलं, काय काढणार? मुरूम का वाळू? मॅडम म्हणाल्या, काहीच नाही. भिंत बघणार आणि परत बुजवणार.

बाबूनं चष्मा काढला. “मॅडम, काही काढायचंच न्हाई, तर खड्डा कामून करायलात?”

नुसतं बघण्यासाठी खड्डा, अशी सोय सरकारात नाही. शेवटी बाबूनंच माणुसकी दाखवून तो शेततळं म्हणून बसवून दिला. मॅडमनी हात जोडले. काम सुरू झालं.

पावसाळा संपल्यावर दुसऱ्याच टेबलावरून नोटीस आली. तळ्यात पाणी का साठलेलं नाही, याचा खुलासा करावा!

* * *

शाळेचं काम ज्यांच्याकडं होतं ते इंजिनिअर साहेब पहिल्यांदा भेटले तेव्हा मी मॅडमबरोबर होतो. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समजूत घातली.

“मॅडम, काळी जमीन हाय ही. चैतात या, बोरीपासून गंगाखेडापर्यंत कुठंबी पाय घालून बगा, गुडघ्याइतका जातो. भेगा बगून बांधकाम थांबवायचं मनलं तर जिल्ह्यात संडास बी उभा ऱ्हायचा न्हाई.”

मॅडम चिडल्या नाहीत. उन्हानं पडणारी भेग वेगळी, ती पावसात मिटते, असं त्यांनी सांगितलं, आणि साहेबांना गाडीत घालून चराजवळ आणलं. शिडीनं खाली उतरवलं. भिंतीत गोट्यांचा एक थर होता, फळीवर डबे मांडावेत तसा सरळ. मधेच तो तुटला होता, आणि पुढं तोच थर वीतभर खाली सुरू झाला होता. मलासुद्धा दिसलं, आणि मी आर्ट्सचा पदवीधर.

इंजिनिअर साहेबांनी दस्तीनं नाक झाकून बराच वेळ निरीक्षण केलं. मग म्हणाले, “जेसीबीवाला नवा हाय का?”

वर आल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं, तुम्हाला आमच्या भागातलं काय माहीत? मॅडम म्हणाल्या, मी चुडाव्याची.

“मग तर तुमाला पक्कं ठाऊक पायजे,” साहेब म्हणाले. “आपल्याकडं भूकंप होत न्हाई.”

* * *

गावाच्या कडेला खडक उघडा पडलाय. त्यावर मॅडमनी एक लोखंडी स्टँड बोल्टनं पक्का केला होता. वर पांढरी गोल टोपी. ती आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा विचारत राहते, आणि जमीन वर्षाला केसभर सरकली तरी तिला कळतं. अट एकच, तिला कुणी हात लावायचा नाही. सरपंचांना, म्हणजे आबांना, हे तीनदा समजावलं होतं. आबांनी भोवती काटेरी कुंपणही घालून दिलं होतं. माणूस सज्जन.

एके सकाळी पुण्यात मॅडमच्या कॉम्प्युटरवर आख्खं गाव जागेवरून उडालं. त्यांनी मला फोन केला. गाव जागेवर आहे का, बघून सांगा!

मी गेलो. गाव जागेवर होतं. खडकावर मात्र कालच्या सभेच्या मंडपाचे बांबू पडले होते. आबा म्हणाले, नेत्यांचं स्टेज तिथंच बसत होतं, म्हणून मशीन जरा बाजूला घेतलं आणि सभा संपल्याबरोबर परत लावलं. मी हे फोनवर मॅडमना सांगत होतो, तेवढ्यात आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“पोरी, फिकीर करू नको. होतं तितंच बसिवलंय, बोल्ट सुदीक तेच हायत. फकस्त तोंड गावाकडं केलं. आदी पाठ व्हती, बरं दिसंना.”

गोल टोपीला तोंड कुठून आलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मॅडमची कित्येक महिन्यांची मोजणी तिथं बाद झाली. नेते त्या सभेत म्हणाले होते, की मराठवाडा पुढं सरकतोय.

* * *

आता आमच्या धंद्याचं. मी चराबद्दल सरळ बातमी दिली. जमिनीत जुनी मोड सापडली, तिच्यावर शाळा नको, शेजारी चालेल. एवढंच. आमच्या डेस्कनं तिला मथळा दिला, ‘परभणी दुभंगणार?’ प्रश्नचिन्ह टाकलं की पाप लागत नाही, अशी डेस्कची श्रद्धा असते.

मी संपादकांशी भांडलो. त्यांनी खपाचा कागद दाखवला.

गावानं अंथरुणं अंगणात काढली, आणि मॅडमला मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. ज्या दरवाजातून मॅडम वर्षभर परत जात होत्या, तो अफवा पसरवल्याबद्दल ताबडतोब उघडला. बातमी माझी, म्हणून मीही बरोबर गेलो. साहेब टेबलावर पेपर आपटून म्हणाले, “भूकंपाची तारीख सांगा, नाहीतर होणार नाही असं लिहून द्या. मधलं काही चालणार नाही.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तारीख जगात कुणालाच सांगता येत नाही, साहेब. जागा सांगता येते. ती मी वर्षभर सांगायलेय. तिथं पोरं बसणार हायत.”

मग साहेबांनी इंजिनिअर साहेबांना बोलावलं आणि आमच्यासमोर सांगितलं, की मी स्वतः येतो. माझ्या डोळ्यांना भेग दिसली, तर शाळा पलीकडं घ्यायची. तिथंच सही करतो.

बाहेर आल्यावर मॅडमनी पहिल्यांदाच मला चहा पाजला.

* * *

दौऱ्याच्या सकाळी मॅडम पुण्याहून रेल्वेनं आल्या. मी त्यांना स्टेशनवरून घेतलं. वाटेत त्या साहेबांना काय आणि कोणत्या क्रमानं दाखवायचं, याची उजळणी करत होत्या.

गायरानात मंडप होता. सडा, रांगोळी होती. शिडीच्या जागी पायऱ्या झाल्या होत्या, कठड्याला झेंडूच्या माळा होत्या. मॅडम धावतच पायऱ्या उतरल्या आणि मधेच थांबल्या. मी मागून डोकावलो.

चराच्या दोन्ही भिंतींना प्लास्टर केलेलं होतं. वरून चुना. तळाला फरशी.

इंजिनिअर साहेब हसतमुख उभे होते. गुत्तेदाराला चार दिवस झोपू दिलं नाही म्हणाले. भेग एकाच बाजूला होती हे खरं, पण एकच भिंत केली असती तर बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात मोठे साहेब आले. हार झाले. साहेब खाली उतरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, भिंतीवरून हात फिरवला.

“भेग कुठंय?”

“इथं व्हती साहेब,” इंजिनिअर साहेबांनी चुन्यावर बोट ठेवलं. “दुरुस्त करून घेतली.”

मॅडमनी पिशवीतून भेगेचे आधीचे फोटो काढून पुढं केले. साहेब म्हणाले, फोटो कशाला, मी स्वतः आलोय की. मग मॅडम म्हणाल्या, वीतभर प्लास्टर फोडू द्या, फक्त वीतभर. साहेबांना ते पटलं नाही. ताजं काम फोडलं तर ऑडिटला काय सांगायचं?

त्यांनी वर येऊन शाळेच्या जागेकडं पाहिलं, ठरल्या ठिकाणीच काम सुरू करायला सांगितलं आणि इंजिनिअर साहेबांची पाठ थोपटली. गाडीत बसता बसता त्यांना मॅडमची आठवण झाली. काच खाली आली.

“मॅडम, तुमचं काम चांगलं आहे. चालू ठेवा. पुढं कुठं भेग सापडली, तर आधी यांना कळवत जा.”