राईनच्या पुलावर वाजलेला ताशा

पुलावर आम्ही एकवीस जण होतो. वीस जवान आणि मी, हवालदार. ठिकाण कोलोनच्या उत्तरेचा लोखंडी पूल. पलीकडे फ्रेंच.

थोडं मागचं सांगतो. अठराव्या शतकात राईनकाठच्या गादीला वारस कोण, यावरून फ्रान्स आणि ऑस्ट्रिया लढले. ते भांडण अजून मिटलेलं नाही, सध्या फक्त शस्त्रसंधी आहे. त्याच शतकात पेशव्यांनी इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांना समुद्रात ढकललं आणि ऑस्ट्रियाशी तह केला. त्या तहाने मराठी पलटणी आजही इथे येतात. मी तसाच आलो आणि कोलोनलाच राहिलो.

रेडिओ, मशीनगन सगळं नवं आलं, पण लढाईचे काही कायदे जुनेच राहिले. आघाडीवर नगारा वाजला तर वाजवणारा बोलणी मागतो आहे, असं धरायचं. समोरच्याने बिनहत्यारी माणसं पाठवायची. त्यांच्यावर गोळी झाडायची नाही.

सकाळी सहा चाळीस. दाट धुकं. संध्याकाळी पलटणीचा गणपती यायचा होता आणि किसन भोईटेचा ताशा ओलीने सैल पडला होता. तो स्टोव्हवर शेकत बसला होता.

"हवालदारसाहेब, एकदा वाजवून बघू?"

"मागे कॅम्पात जा."

"तिथवर परत गार होतो हो. तुमच्या लग्नात वाजवला तेव्हा बरा चालला!"

सगळे हसले. मीही हसलो.

"दोन मिनिटं. जास्त नाही."

किसनने ताशा वाजवला. ताशा म्हणजे सण, एवढंच आमच्या डोक्यात होतं. कायद्यातला नगारा कुणाला आठवला नाही.

सहा पन्नास. रेडिओ.

"पोस्ट एक. पुलावर सात-आठ माणसं, आपल्याकडे येतायत. ओव्हर."

"हत्यारं? ओव्हर."

"धुकं आहे. पुढच्याच्या हातात काहीतरी लांब आहे. ओव्हर."

"फायर."

मशीनगन अकरा सेकंद चालली. धुकं विरळ झालं तेव्हा दिसलं, ती लांब वस्तू म्हणजे पांढरं कापड बांधलेली काठी होती. आठ जण पडले होते. एकाचा जबडा उडाला होता. एक कोपरांवर सरपटत होता. किसन ताशा टाकून त्याच्याकडे धावला आणि त्याला कॉलरला धरून ओढत आणलं. तो आमच्या मोर्च्यात मेला.

मग पलीकडून मॉर्टर सुरू झाले. तिसरा गोळा मोर्च्यात पडला. पाच जण जागीच गेले. किसनचे दोन्ही पाय मांडीतून तुटले.

"साहेब, मी वाजवलं म्हणून आले का ते?"

"नाही," मी म्हणालो.

चार मिनिटांत तो गेला.

चौकशीत अधिकाऱ्याने विचारलं, "ताशा भोईटेने स्वतःहून वाजवला, खरं ना?" हो म्हटलं असतं तर दोष किसनवर गेला असता, त्याच्या आईची पेन्शन थांबली असती आणि माझी नोकरी वाचली असती.

"परवानगी माझी होती," मी सांगितलं. "फायरचा हुकूमही माझाच."

मला बडतर्फ केलं.

दरवर्षी मुलीला घेऊन पुलावर जातो. अलीकडच्या पाटीवर आपले सहा: किसन भोईटे, रामा शेडगे, दत्ता काळे, युनूस मुजावर, संभा गायकवाड, तुका मोहिते. पलीकडच्या पाटीवर त्यांचे आठ. मला फ्रेंच येत नाही, ती नावं कोलोनच्या शाळेत शिकलेली मुलगी वाचते.

"आल्झो... तर मग पापा, सगळी वाचू?"

"सगळी."

माझी पेन्शन जप्त झाली. किसनची पूर्ण पेन्शन त्याच्या आईला मिळाली, ती जाईपर्यंत.