वेगळा देश मागणारा जावई

परवा आमच्या बैठकीत माझीच चौकशी झाली... आणि तीही माझ्यासमोर, मोबाईलवर वाजवून. भंडाऱ्यात एवढी वर्षं काढली, पण असा प्रसंग कधी आला नव्हता.

आमची प्रज्ञा कॅनडात, क्युबेक प्रांतात नर्स आहे. तिथला एमिल नावाचा मुलगा तिला पसंत आहे. बाबा हो म्हणाले तरच लग्न, असं तिने आधीच सांगितलं होतं, म्हणून दोघं तीन आठवड्यांसाठी आली.

मुलगा सालस दिसतो. पण मी अख्खी सरकारी नोकरी समोर आलेला कागद उलटून पाहण्यात घालवली आहे... सालस दिसणाऱ्याची फाईल तर मी दोनदा पाहतो.

पहिल्याच दिवशी कळलं, हा वेगळ्या देशवाला आहे. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषा चालतात. क्युबेकची फ्रेंच, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना आपला देशच वेगळा हवा आहे. दोनदा मतदान झालं, दोन्हीदा 'नाही' आलं, दुसऱ्यांदा तर अगदी काठावर... आता पुन्हा मत घ्यायचं बोलणं सुरू आहे. एमिल त्यांच्या सभांना जातो, पत्रकं वाटतो.

माझं डोकं तिथेच फिरलं. जो आपल्या देशात नांदायला तयार नाही, तो माझ्या पोरीसोबत काय नांदणार? तसं मी त्याला तोंडावर बोलूनही दाखवलं. प्रज्ञाने त्यातलं किती सांगितलं आणि किती गाळलं, तिचं तिलाच माहीत.

खरी भीती मात्र दुसरीच होती. बाहेरून आलेल्यांच्या मुलांना तिथे फ्रेंच शाळेतच घालावं लागतं म्हणे. भाषेसाठी देश मोडायला निघालेला माणूस घरात आमची भाषा टिकू देईल? उद्या नातवंडं माझ्याशी बोलतील तरी कशात... हे काही मला त्याला विचारता येईना. रागावणं सोपं होतं.

आमच्याकडे सोयरीक जुळवायची तर आधी चौकशी होते. दोन माणसं न सांगता मुलाच्या गावात जातात, पानठेल्यावर बसतात, चक्कीवर विचारतात. आता क्युबेकचा पानठेला मी कुठे शोधू, असं प्रज्ञाजवळ कुरकुरलो होतो. तिने ते त्याला सांगितलं असावं.

शनिवारी हा पवनीचा किल्ला पाहतो म्हणून एकटाच एसटीने गेला. संध्याकाळी परतला तो हसतच. किल्ला बाजूलाच राहिला... हा पठ्ठ्या कोंढ्याला, माझ्या गावाला, माझी चौकशी करून आला होता.

तो मोबाईलवर इंग्रजीत लिहायचा आणि मोबाईल मराठीत बोलायचा. "नमस्कार, मी फ्रेंच भाषेसाठी वेगळा देश मागणारा मनुष्य आहे. प्रज्ञाशी विवाह इच्छितो. तिचे वडील सदर गृहस्थ कसे आहेत?" लोकांची उत्तरं मात्र मोबाईलला उमगली नाहीत, कोंढ्याची बोली त्याला कुठून यायची! म्हणून यानं सगळं रेकॉर्ड करून आणलं, प्रज्ञाने अर्थ सांगावा म्हणून. आत काय भरलंय ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, राहू दे. माझं गाव मला माहीत आहे... पण प्रज्ञाने बटण दाबलंच.

पहिला आवाज माझ्या वर्गमित्राचा, पानठेलेवाल्या देवरावचा. माणूस बरा आहे, दारू नाही, जुगार नाही, पण संशयी लय, असं सांगून झालं. मग म्हणाला, "जवान होता तवा गावच्या भितीयवर वेगळा विदर्भ लिहे. नोकरी लागली अन् चुप झाला."

प्रज्ञाने शब्द न् शब्द सांगितला. एमिल माझ्याकडे नुसता पाहत राहिला, हसला नाही, हे त्याचे उपकार. वेगळं राज्य मागणं निराळं आणि वेगळा देश मागणं निराळं, असं मी लगेच बजावलं... पण आवाजात दम नव्हता.

शेवटचा आवाज गावातल्या आमच्या शेजारीण बयनामावशींचा. "बाबू, तुले तुही बोली एवढी प्यारी आहे. मंग आमच्या पोरीची बोली राहू देशीन, का तिले सोडाले लावशीन?" त्यावर एमिल रेकॉर्डिंगमध्ये नुसतं "हो, हो" म्हणत होता. त्याला काडीचं कळलं नव्हतं.

प्रज्ञाने त्याला अर्थ सांगितला. मला विचारता न आलेला प्रश्न मावशींनी उभ्या उभ्या विचारून टाकला होता.

एमिलने आधी आजीची गोष्ट सांगितली. त्याची आजी कापडाच्या कारखान्यात होती, साहेब सगळे इंग्रजीवाले. आपली भाषा फाटकाबाहेर ठेवून तिला आत जावं लागायचं, म्हणून आपण सभांना जातो म्हणाला. मग म्हणाला, मुलांची शाळा फ्रेंचच राहील, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. घरात प्रज्ञाची बोली राहील, मीही शिकेन.

गोड गोड बोलला असता तर मी उठून गेलो असतो. त्याने कडू भाग आधी सांगितला, म्हणून बसून राहिलो.

मग त्याने तिला विचारलं, तू या बोलीत का बोलत नाहीस? ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबांना आवडत नाही."

खरं होतं ते. एकदा पुण्याच्या ऑफिसात माझ्या बोलण्यावर चार लोक हसले, तेव्हापासून घरात गावचं बोलणं मी बंद केलं. सुट्टी संपवून पोरगी कोंढ्याहून आली की टोकून टोकून तिच्या तोंडातून एकेक शब्द काढला... लाज वाटली मला. साता समुद्रापलीकडच्या माणसावर संशय घेत होतो, आणि पोरीची बोली हिसकावणारा घरातच बसला होता.

मग मी म्हटलं, "सांग त्याले, मले पसंत आहे."

तिने त्याला लगेच सांगितलं नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, अजून एकदा म्हना नं."

त्यांच्या देशाचं काय होईल ते होवो, त्यावर माझा भरवसा अजूनही नाही. पण बयनामावशी फेसबुकवर नाहीत... कोंढ्याचं कोणी वाचत असेल तर त्यांना माझा जय भीम सांगा. त्यांनी त्याला विचारलं, आणि उत्तर मला द्यावं लागलं.