रिसोडचा जपानी चहा

रिसोडच्या मोटारस्टँडवर एक चहावाला होता. मिशा इतक्या लांब, की वारा सुटला तर टोकं पार केनवड गावापर्यंत पोचायची. दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर तो पलटणीबरोबर वर्षभर जपानात राहून आला होता. तिथल्या तीनशे वर्षं जुन्या लाकडी घरात एका म्हातारीनं त्याला चहा पाजला आणि तिच्या लेकीनं नाच दाखवला. तेव्हापासून हा गडी कप दोन्ही हातांनी धरायचा, दोनदा फिरवायचा, वाकायचा आणि मगच द्यायचा. तोवर गिऱ्हाइकाची दाढी वाढायची.

एकदा त्यानं मला विचारलं, "तो नाच पायता का, भाऊ? आजवर कोनी पुरा पायला नाई. मोटार आली का पयतात."

"दाखवा. मी बसतो," मी म्हटलं.

त्यानं शेगडीचा पंखा उचलला आणि धुळीत नाचू लागला. इतका हळू, की दोन पावलांच्या मधे तुरीला शेंगा धरल्या असत्या. वाशिमची मोटार आली आणि भोंगा वाजवून माझ्यावाचून निघून गेली. बाकावर मी एकटाच उरलो. पंखा डोक्यावर नेऊन तो एकदम थांबला.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं मले नाई मालूम, भाऊ. तवा पलटणीचा बिगूल वाजला अन् मी अर्ध्यातूनच उठलो. ते पोरगी नाचूनच राह्यली होती."

मी जन्मभर हजार थापा मारल्या, पण त्या नाचाचा शेवट मला काही त्याला रचून देता आला नाही. पंखा तसाच वर धरून तो रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.