पालथी कढई

शेजारच्या सुमनताईंच्या गॅलरीत एक लोखंडी कढई दोन वर्षं पालथी पडून होती. आज सकाळी त्या तिचा गंज काथ्याने घासताना दिसल्या आणि कपडे वाळत घालता घालता मी थांबलेच.

त्यांची लेक सायली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा रक्त वाढावं म्हणून ताई रोज याच कढईत पालेभाजी करायच्या. बाळ जन्मलं तेच पिवळं; यकृत निकामी आणि त्यात लोह साठलेलं. बाराव्या दिवशी ते गेलं. "मीच लोखंड खाऊ घातलं गं," म्हणत ताईंनी कढई बाहेर टाकली.

याचा खाण्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं होतं. आईच्याच शरीराने बाळाचं यकृत परकं समजून पोटातच त्यावर हल्ला केला होता; लोह साठलं ते त्यामुळे. तरी ताई ऐकेनात. मला तेव्हा त्यांचा रागच यायचा. आज वाटलं, ऐकलं असतं तर ठपका लेकीच्या शरीरावर गेला असता. म्हणून तर त्यांनी तो स्वतःवर आणि कढईवर घेतला नसेल?

सायलीला पुन्हा दिवस गेलेत. बाळाला जपायला या खेपेला तिला दर आठवड्याला सलाइनमधून औषध देतात.

"कढई काढलीत?" मी विचारलं.

"मी कुठली काढतेय," हात न थांबवता ताई म्हणाल्या. "सायलीनंच पुढ्यात आणून ठेवली. म्हणाली, आई, मेथी खावीशी वाटतेय. यातलीच."